मानेची गाठ आणि न विचारलेला प्रश्न

मागच्या वर्षी मुखेडकडच्या माझ्या चुलतभावाचा रात्री फोन आला. "दादा, पोरीला टीबी म्हणायलेत. गावात कुणाला सांगू नको." पोरगी लातूरला नीटच्या क्लासला. मानेच्या एका बाजूला दोन-तीन दुखऱ्या गाठी, संध्याकाळी ताप. एका खासगी दवाखान्यात गाठ हाताने चाचपली, रक्त तपासलं आणि ६ महिन्यांचा कोर्स सुरू केला. गाठीत सुईसुद्धा टोचली नाही.

आधी डॉक्टरांची बाजू सांगतो. आपल्याकडं मानेला गाठ म्हटलं की पहिला संशय टीबीचाच घ्यावा लागतो. जुनी माणसं ज्याला गंडमाळा म्हणायची, तो बहुतेक वेळा हाच. संशय घ्यावाच, पण त्यालाच निदान समजून मोकळं होऊ नये.

पोरीला गोळ्या सोसेनात. उलट्या, जेवण बंद. लघवी लाल झाली म्हणून घाबरली. त्यातल्या एका गोळीनं ती होतेच, पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी महिनाभरात ताप गेला. घरचे म्हणाले, औषध लागू पडलं. दीड महिन्यानं दुसऱ्या बाजूला नवी गाठ आली. मग 'औषधाला दाद न देणारा टीबी' अशी भाषा सुरू झाली. नांदेडच्या एका डॉक्टरांनी मात्र सांगितलं, आधी एक गाठ काढून तपासू, मग बोलू. रिपोर्ट यायला वीस दिवस लागले. तेवढे दिवस घरात कॅन्सर हा शब्द कुणी काढला नाही, आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच होता.

रिपोर्टवर नाव आलं किकुची-फुजिमोटो. १९७२ साली किकुची आणि फुजिमोटो या जपानी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. बहुधा तरुण वयात होतो, बायकांत जास्त दिसतो. मानेला गाठी, ताप, कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी. हा टीबी नाही, कॅन्सरही नाही. बहुतेकांत १ ते ४ महिन्यांत आपोआप बरा होतो. थोड्यांना परत होतो, काहींना पुढं ल्युपस निघतो, म्हणून अधूनमधून तपासणी करायची.

आता यातली मेख बघा. आजार आपोआप बरा होणारा. म्हणजे टीबीच्या गोळ्या दिल्या तरी पेशंट बरा, अंगारा लावला तरी बरा. जो तो आपल्याच औषधाचा गुण म्हणणार. चूक उघडी पडणारच नाही. आजार दुर्मिळ आहे हे खरं, पण आपल्या भागात किती लेकरांनी उगाच सहा-सहा महिने गोळ्या खाल्ल्या, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

सुईच्या तपासणीत थोड्या पेशी मिळतात. अख्खी गाठ काढली की आतली रचना दिसते. किकुचीची काचपट्टी लिम्फोमासारखीही भासू शकते, म्हणून अनुभवी नजर लागते. आणखी एक. काढलेली सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये टाकली तर त्यातून टीबीचे जंतू वाढवून बघता येत नाहीत. एक तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट आणि कल्चरला पाठवावा लागतो. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांनी एवढं जरूर विचारावं.

लातूर-नांदेड म्हणजे डॉक्टर घडवणारे जिल्हे, असं आपण मिरवतो. विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. मागणी साधी आहे. गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांत मिळणार, हे दोन्हीकडं बोर्डावर लिहा. शंकेची काचपट्टी एकमेकांना दाखवण्याची कायमची सोय करा. लोकप्रतिनिधींनी फिती कापताना एकदा हेही विचारावं.

हे वाचून कुणी टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. टीबी असेल आणि कोर्स अर्धवट सुटला, तर जिवावर बेततं. डॉक्टरांना फक्त एवढंच विचारा, "साहेब, गाठीतून काय निघालं?" आम्ही ते पहिल्या दिवशी विचारलं नाही. चार बातम्या लिहिणारा मीसुद्धा नाही.

पोरगी आता ठणठणीत आहे. त्या वर्षीची नीट मात्र हुकली. भाऊ अजूनही गावात काही बोलत नाही. टीबी नव्हता हे सांगायचं, तर आधी टीबी म्हणाले होते हे सांगावं लागतं.