म्हणे, मवाळ!

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव निघताच ‘मवाळ’ हा शिक्का मारून पुढे सरकणाऱ्या इतिहासप्रेमींसाठी हा धागा. अर्जविनंत्या करणारा सौम्य गृहस्थ, एवढीच ज्याची ओळख आपण शिल्लक ठेवली, त्याने कायदेमंडळात काय मागितले होते, हे एकदा पाहाच.

१८८५ साली ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. वेतन दरमहा ७५ रुपये. गणित शिकवले, इतिहास व अर्थशास्त्रही शिकवले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. हा मास्तर १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसला आणि पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्याने सरकारच्या शिलकीचा हिशेब उलगडला : रयत दुष्काळाने मोडली असताना तिजोरीत उरलेली रक्कम ही समृद्धी नव्हे, ती जादा कराची वसुली होय. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. (सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे हाही अतिरेकच, पण वर्षानुवर्षे आकडे घेऊन उभे कोण राहत होते?)

आता खरा मुद्दा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, तोही सरकारच्या संमतीने. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. मुलींवर सक्ती तूर्त नाही. हंटर आयोगापुढे १८८२ सालीच सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या तुलनेत हे पाऊल भित्रेच म्हणायचे.

आणि एवढेही साम्राज्याला सोसले नाही. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोधात सरकारी सभासद तर होतेच, पण जमीनदार वर्गातले हिंदी सभासदही होते! पैसा नाही, लोकांची मागणी नाही, ही कारणे. सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या संस्थानात शिक्षण सक्तीचे केले होते. बडोद्याला परवडले ते ब्रिटिश साम्राज्याला परवडत नव्हते?

मवाळ होता तो स्वर. मागणी मवाळ असती, तर ती पाडायला एवढी फौज लागली नसती. पराभव ठरलेला आहे हे गोखल्यांनी मतदानापूर्वीच सभागृहात सांगून टाकले होते, आणि तरीही ते मतदानाला सामोरे गेले.

मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता असा कायदा विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली संमत करून घेतला. तोवर गोखल्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.