वॉटचा वट आणि गालिच्यातली धूळ

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरातल्या, बिल्डिंगमधल्या आणि नात्यातल्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी आपोआप आपल्या गळ्यात पडते. कुणाचा गीझर तापत नाही, कुणाच्या मिक्सरला जळका वास येतो, की लगेच फोन : "अगं, तू इंजिनिअर ना? मग सांग बरं!" मी मेकॅनिकलला, थर्ड इयरमध्ये आहे. मध्यंतरी काकूने विचारलं, "गालिचा साफ करायचं एखादं भरवशाचं मशीन सुचव." प्रश्न एका ओळीचा. पण खोलात गेलं तर त्यात फ्लुइड मेकॅनिक्स आहे, इलेक्ट्रिकल मशिन्स आहे, आणि शिवाय एक असा विषय आहे जो आपल्या सिलॅबसमध्येच नाही. त्यावरच हे चार शब्द. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची!)

आधी एक शंका मिटवू. आपल्याकडे कुठे आलेत गालिचे, असं कुणी म्हणेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आपल्या घरांत फारसं नसतं हे खरं. पण हॉलमध्ये सोफ्यापुढे चार बाय सहाचा एक तुकडा असतोच. आमच्याकडचा भदोहीचा आहे, लोकरीचा, हाताने गाठी मारलेला. आजोबांनी रेल्वेत असताना आणलेला. आजीला दमा आहे, आणि डॉक्टर म्हणाले, एक तर गालिचा काढा नाही तर नीट साफ ठेवा. आजी म्हणते, "यांनी आणलाय, मी आहे तोवर राहू दे." म्हणजे आमच्या घरात हा शोभेचा प्रश्न नाही, श्वासाचा आहे.

गालिच्यातली धूळ दोन प्रकारची असते. एक बारीक वाळू, जी चपलांबरोबर येते आणि धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. पावलागणिक ती धागे कापत राहते. दुसरी त्याहून बारीक. धुळीतल्या माइट नावाच्या किड्यांची विष्ठा, जी काही मायक्रॉनची असते आणि दमेकऱ्याला तीच छळते. पहिलीसाठी ब्रश लागतो, दुसरीसाठी फिल्टर. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण दुकानात तिसऱ्याच शब्दाचा गजर चालू असतो. तो शब्द म्हणजे वॉट!

"मॅडम, आमचं चौदाशे वॉट, त्यांचं बाराशेच!" मित्रहो, वॉट म्हणजे मशीन भिंतीतून किती वीज ओढतं तो आकडा. गालिच्यातून किती धूळ ओढतं तो नव्हे. कँटीनमध्ये चार वडापाव खाणारा चार पट अभ्यास करतो का? तसंच आहे हे. मशीनचं खरं काम मोजायचं तर हवेचा दाब गुणिले हवेचा प्रवाह. दहा किलोपास्कल दाबाचा फरक आणि सेकंदाला वीस लिटर हवा असेल तर गुणाकार येतो २०० वॉट. चौदाशे आत, दोनशे बाहेर. उरलेले आवाजात आणि उष्णतेत गेले.

आता बॉक्सवरची दुसरी गंमत. "सक्शन २० किलोपास्कल" असं छापतात. हा आकडा बहुतेक वेळा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. तोंड बंद म्हणजे प्रवाह शून्य, म्हणजे गुणाकारही शून्य! उलट तोंड मोकळं सोडलं तर प्रवाह भरपूर, पण दाब जवळजवळ नाही. खरं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होतं. रोबोटवाल्यांनी तर पास्कलमध्येच आकडे द्यायला सुरुवात केली. ५००० पास्कल ऐकायला केवढं वाटतं! ते पाचच किलोपास्कल. पाण्याच्या भाषेत अर्धा मीटर उंचीचा स्तंभ. फरशीवरच्या धुळीला ठीक, गालिच्याच्या मुळातल्या वाळूला नाही.

जास्त वॉट म्हणजे जास्त सफाई हे खरं नाही, हे युरोपने कायद्यानेच सांगून टाकलं. १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे १६०० वॉटच्या वरची घरगुती मशिन्स बाजारात आणायला बंदी झाली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा ९०० वॉटवर आली. त्याबरोबर एनर्जी लेबलही आलं. पण त्या लेबलाची चाचणी घ्यायचे मशीनची पिशवी रिकामी ठेवून! डायसन कंपनी कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने ते लेबल रद्द केलं. घरात वापरताना मशीन रिकामं राहत नाही, हा मुद्दा. सरकारी लेबलातही अशी पळवाट निघू शकते, तर दारावरच्या डेमोचं काय सांगावं?

डेमो सगळ्यांनी पाहिलेला असतो. टाय लावलेला मुलगा येतो, पांढरं फडकं नळीत अडकवतो, तुमचाच गालिचा मिनिटभर साफ करतो आणि काळंकुट्ट फडकं आईच्या नाकासमोर धरतो. आई शरमते, बाबा चेकबुक काढतात. यातून सिद्ध काय झालं? गालिचा मळलेला होता एवढंच. कुठलंही मशीन कुठल्याही गालिच्यातून पहिल्या मिनिटात धूळ काढतंच. आत किती होती आणि आत किती राहिली, हे मोजल्याशिवाय मशीनबद्दल काहीच कळत नाही. लॅबमध्ये ठरावीक धूळ मोजून गालिच्यात घालतात, मशीन ठरावीक वेळा फिरवतात आणि परत किती मिळाली ते तोलतात. आपण असलं जर्नल कंट्रोल रीडिंगशिवाय सबमिट केलं तर सर तोंडावर फेकतील! तो मुलगा बिचारा टार्गेटवर जगतो, त्याच्यावर राग नाही. पण प्रश्न विचारायला आपल्याला कुणी बंदी केलेली नाही.

मग विचारायचं काय? एक, गालिच्यासाठी मोटरवर फिरणारा ब्रश आहे का? नुसत्या हवेने मुळातली वाळू हलत नाही, तिला हलवावं लागतं. (हाताने विणलेल्या लोकरीच्या गालिच्यावर मात्र ब्रश जपून, झालरीवर तर नाहीच.) दोन, फिल्टर हेपा आहे का, आणि त्याच्याभोवती रबराचं सील आहे का? फिल्टर उत्तम आणि फटी मोकळ्या असल्या तर बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते. म्हणजे आजीच्या नाकात. तीन, किती करंट घेतं? १४०० भागिले २३० म्हणजे सहा अँपिअरच्या वर. ते साध्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर चालवायचं नाही, सोळाचा पॉइंट हवा. आणि अमेरिकेतल्या भावाला "येताना घेऊन ये" असं सांगू नका. तिथलं मशीन १२० व्होल्टचं, त्यासाठी इथे दीड-दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल. गालिच्यापेक्षा तोच जड!

हल्ली पाण्याने धुणारी मशिन्सही मिळतात. एका टाकीतून साबणपाणी फवारायचं, ब्रशने घासायचं, मळकं पाणी दुसऱ्या टाकीत ओढायचं. जाहिरात बघून हुरळायला होतं. पण मशीन सगळं पाणी परत ओढू शकत नाही, गालिचा ओला राहतोच. कोरड्या हवेच्या गावात तो वाळतो. आमच्या डोंबिवलीत जुलैमध्ये टॉवेल वाळत नाही, तिथे लोकरीचा गालिचा काय वाळणार? ओल राहिली की बुरशी. म्हणजे दम्याला आमंत्रण. शिवाय कच्चा रंग पसरतो. घरी असं मशीन असलंच तर आधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग लागला तर पाणी नको. आणि लोकरीला कडक अल्कलीचा साबण चालत नाही. माझ्या मते आपल्या हवेत, एका गालिच्यासाठी, हे मशीन विकत घेण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बाहेर धुवायला द्यावा. आणि कोरड्याच व्हॅक्यूमने पाणी ओढायचा प्रयोग तर मुळीच नको. अशा मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून जाते, पाणीही तिकडेच जाणार!

आता 'भरवशाचं' या शब्दाकडे येऊ. वायरच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर सहसा आपल्या मिक्सरच्या जातीचीच असते, युनिव्हर्सल मोटर. तिच्यात कार्बनचे ब्रश झिजतात. मिक्सरचे कार्बन कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला दहा मिनिटांत बदलतो. व्हॅक्यूमचे का नाही? कारण मिळत नाहीत. आमच्याकडे आधी एक मशीन होतं, चांगलं नावाजलेलं. चौथ्या वर्षी त्याची नळी चिरली. फोन केला तर उत्तर आलं, "सर, ते मॉडेल बंद झालं." एका नळीपायी चालू मोटरचं भंगार! युरोपच्या त्याच नियमात २०१७ पासून मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ४०,००० वेळा वाकवली तरी टिकली पाहिजे असं घातलं. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ते पाऊल चांगलंच. पण तोवर आपलं शहाणपण आपल्याजवळ. मशीन घेण्याआधी नळी, बेल्ट, फिल्टर आणि कार्बन आपल्या गावात कुठे, केवढ्याला मिळतात ते विचारा. दुकानदार गप्प झाला तर उत्तर मिळालं असं समजा. वॉरंटीचं कार्ड हा कंपनीने दिलेला शब्द. स्पेअर पार्ट हा खरा भरवसा.

आणि आता तो सिलॅबसबाहेरचा विषय.

तुमच्या घरातलं व्हॅक्यूम क्लीनर या क्षणी कुठे आहे? दहातल्या आठांचं उत्तर 'माळ्यावर' असणार, मी पैज लावते. ते बिघडलेलं नाही. ते जड आहे, काढायला स्टूल लागतं, जोडायला वेळ लागतो, आणि ते आणताना ते चालवणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. विकत घेतात बाबा, वॉट बघून. चालवायचं असतं आईने नाही तर कामाला येणाऱ्या मावशींनी. आमच्या मावशी एकदा सरळ म्हणाल्या, "ताई, हे वाकून धरायला लागतं ओ. तीन घरं झाल्यावर कंबर राहत नाही." आपण ज्याला डिझाइनमध्ये अर्गोनॉमिक्स म्हणतो आणि दोन मार्कांची व्याख्या पाठ करतो, ते या दोन वाक्यांत आलं.

खरं तर हे मशीन घडवणाऱ्यांत झाडू मारणारा माणूसच होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात साफसफाईचं काम करायचा. त्याला दमा होता, झाडूच्या धुळीने जीव जायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने फिरवायचं विजेचं मशीन बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतलं आणि नाव हूव्हरचं झालं. ज्याच्या छातीत धूळ जाते त्यालाच कळलं होतं मशीन कसं हवं. शंभर वर्षांनंतर आपण त्यालाच विचारायचं विसरलो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माझ्या लेखी भरवशाचं मशीन म्हणजे जे आठवड्यातून दोनदा खरोखर बाहेर निघतं ते. हलकं, उभं राहून चालवता येणारं, ब्रशवालं, सीलबंद फिल्टरचं, आणि ज्याची नळी स्टेशनबाहेर मिळते असं. मग त्याचे वॉट कितीही कमी असोत. दुकानात जाताना कॅल्क्युलेटर न्या, पण त्याआधी मशीन ज्यांच्या हातात जाणार आहे त्यांना बरोबर न्या. त्यांनी ते उचलून, दोन फेऱ्या मारून "चालेल" म्हटल्याशिवाय पैसे काढू नका. आणि उद्या आपल्यापैकी कुणी असली मशिन्स बनवायला लागलं, तर पहिली चाचणी लॅबमध्ये न घेता तीन घरची कामं उरकून आलेल्या बाईच्या हातात घ्या. बघा पटतंय का!