झाड कोणाचे, रस्ता कोणाचा?

शहरातील जुन्या वृक्षांचा प्रश्न निघाला की डाव्या वर्तुळातही एक ठरावीक युक्तिवाद ऐकू येतो. झाडांचा कैवार ही पोट भरलेल्यांची चैन आहे. श्रमिकाला घर हवे, रोजगार हवा, कामावर वेळेत पोहोचविणारी गाडी हवी. रस्ता रुंद होताना शे-दोनशे झाडे गेली तर त्यासाठी समाजवाद्यांनी अश्रू ढाळण्याचे कारण नाही, असा त्याचा मथितार्थ असतो. या युक्तिवादाला क्रांतिकारक भाषेचा मुलामा असल्यामुळे तो कार्यकर्त्यांना पटकन पटतो. वस्तुतः तो कंत्राटदाराचा युक्तिवाद आहे आणि श्रमिकाचे नाव त्यावर केवळ शिक्क्यासारखे मारलेले आहे.

रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाखाली भर दुपारी कोण असते, याची नोंद कोणाही कार्यकर्त्याने आपल्याच वॉर्डात घ्यावी. चपला सांधणारा कारागीर, इस्त्रीवाला, शहाळी विकणारा, भाजीची पाटी उतरविलेली बाई, गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षाचालक, बसथांब्यावरील कामगार आणि मजूर नाक्यावर काम न मिळाल्यामुळे बसून राहिलेली माणसे, एवढेच लोक तेथे सापडतील. वातानुकूलित मोटारीतून जाणाऱ्याला त्या झाडाचा उपयोग फार तर शोभेपुरता. बंगळूरच्या रस्त्यांवर हरिणी नगेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, झाडे असलेल्या रस्त्यावर दुपारचे हवेचे तापमान बिनझाडांच्या रस्त्यापेक्षा ५.६ अंश सेल्सियसपर्यंत, तर डांबराच्या पृष्ठभागाचे तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी असते. हा फरक ज्याला दिवसाचे आठ-दहा तास रस्त्यावरच काढावयाचे असतात त्याच्या दृष्टीने आरोग्याचा आणि म्हणून मजुरीचा प्रश्न आहे. सावली ही निर्धनाला भाडे न देता मिळणारी एकमेव सार्वजनिक सोय आहे. तिच्यावर घाला पडतो तेव्हा हिरावली जाते ती गरिबाच्या वाट्याची मालमत्ता.

आता रस्त्याकडे वळू. झाड रस्ता अडविते, अशी तक्रार असते. परंतु रस्ता खरोखर कोणी अडविला आहे? एक उभी मोटार दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन व्यापते आणि बहुतेक रस्त्यांवर तिचा मालक त्यापोटी दमडीही देत नाही. झाडाचे खोड त्याच्या अत्यल्प हिश्श्याइतकी जागा घेते व वर शंभर चौरस मीटर सावली धरते. तरीही रुंदीकरणाच्या नकाशात लाल फुली पडते ती झाडावर. याला नियोजनाचे शास्त्र म्हणत नाहीत. सार्वजनिक जमिनीचे वाटप कोणाच्या बाजूने करावयाचे याचा तो राजकीय निर्णय असतो आणि तो अभियंत्याच्या भाषेत सांगितला जातो, एवढेच.

असे निर्णय किती काळ टिकतात, हेही पाहावे. पुण्याच्या गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात जुने वड गेले, विद्यापीठ चौकात उड्डाणपूल उभे राहिले, आणि मेट्रोच्या आड येतात म्हणून २०२० मध्ये तेच पूल पाडण्यात आले. पुलाचे आयुष्य दीड दशकही भरले नाही. खासगी उद्योगपतीने आपल्या पैशाने अशी गुंतवणूक केली असती तर भागधारकांनी त्याला जाब विचारला असता. येथे पैसा जनतेचा होता आणि जाब कोणीच विचारला नाही.

यावर ‘भरपाई वृक्षारोपणा’चे उत्तर तयार असते. एक तोडले तर दहा लावू, असे आश्वासन देणाऱ्यांनी साधे गणित मांडावे. ज्या वृक्षाच्या पर्णसंभाराचा व्यास बारा मीटर आहे तो सुमारे ११३ चौरस मीटर जमिनीवर छाया धरतो. एक मीटर व्यासाच्या रोपट्याची छाया एक चौरस मीटरही भरत नाही. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एका वृक्षाची आजची छाया भरून काढण्यास तशी १४४ रोपटी लागतील, आणि तीही सर्व जगली तर. शिवाय ती लावली जातात गावाबाहेरच्या माळावर. दादरच्या फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेतीला शहराच्या वेशीबाहेरच्या रोपट्याचा काय उपयोग? पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो तशी सावली वर्ग करता येत नाही. महाराष्ट्राच्या वृक्षविषयक कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडास पुरातन वृक्षाचा दर्जा दिला, आणि झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे तत्त्व आणले. तत्त्व म्हणून ते पूर्वीपेक्षा निश्चित पुढचे आहे. तथापि जागेचा आणि काळाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

दुसरे उत्तर पर्यावरणवाद्यांच्या एका गटाकडून येते: झाडाची किंमत रुपयांत सांगा, म्हणजे सरकार घाबरेल. पश्चिम बंगालमधील जेसोर रस्त्यावर पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये ठरविले. त्यातील ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे होते. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हा हिशेब टिकत नाही. वातावरणाचा पाचवा हिस्सा प्राणवायूचा आहे. शहरातील झाडे असोत वा नसोत, त्याची टंचाई होत नाही, आणि जेथे टंचाई नाही तेथे सिलिंडरच्या भावाने किंमत लावणे हे मोल ठरविणे नव्हे. टंचाई आहे ती सावलीची, मुरणाऱ्या पाण्याची, धूळ अडविणाऱ्या पानांची. पण त्याहून मोठा धडा निराळाच आहे. एवढी किंमत कागदावर येऊनही फेब्रुवारी २०२३ मध्ये ३०६ झाडे तोडण्यास न्यायालयाची अनुमती मिळाली. रेल्वे फाटकांवरील अपघात पाहता पुलांची गरज खोटी होती असे म्हणता येणार नाही. प्रश्न इतकाच की, किमतीचा आकडा झाडाचे रक्षण करीत नाही. ज्या वस्तूवर किंमत चिकटते ती विकत घेण्याची ऐपत असणारा कोणीतरी असतोच.

डाव्यांनी आत्मपरीक्षण करावे असे एक उदाहरण इंग्लंडमधील शेफील्डचे आहे. पोलाद कामगारांच्या या शहरात मजूर पक्षाची सत्ता असलेल्या नगरपालिकेने २०१२ मध्ये रस्त्यांच्या देखभालीचा पंचवीस वर्षांचा करार अ‍ॅमी या खासगी कंपनीशी केला. रस्त्यांवर सुमारे ३६,००० झाडे होती. त्यांपैकी १७,५०० काढून नवी लावण्याचा आकडा करारात होता, आणि तो नागरिकांना उघडपणे कळला २०१८ मध्ये. यातील अर्थकारण समजण्यास अवघड नाही. म्हाताऱ्या झाडाची छाटणी, मुळांनी उचललेल्या फरशांची दुरुस्ती यांचा खर्च पंचवीस वर्षे कंपनीच्या माथी, तर सावलीचा लाभ मात्र लोकांचा. ज्याच्याकडे खर्च आहे आणि लाभ नाही, तो झाड तोडणारच. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटेच्या अंधारात पोलीस बंदोबस्तात झाडे तोडण्यात आली आणि सत्तरीतल्या दोन स्त्रियांनाही अटक झाली. अटकेसाठी आधार घेतला गेला तो १९९२ च्या कामगार संघटनाविषयक कायद्यातील एका कलमाचा. कामगारांच्या चळवळीला वेसण घालण्यासाठी जपलेले हत्यार मजूर पक्षाच्या शहरात वृद्ध नागरिकांवर चालले, यापरता कठोर उपरोध शोधून सापडणार नाही. सुमारे ५,६०० झाडे पडल्यावर २०१८ मध्ये लोकांच्या प्रतिकारामुळे तोड थांबली. २०२३ मध्ये मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालाने पालिकेच्या नेतृत्वाचे गंभीर व प्रदीर्घ अपयश नोंदविले आणि पालिकेला जाहीर माफी मागावी लागली. पक्षाच्या नावात ‘मजूर’ शब्द असल्याने कराराचे स्वरूप बदलत नाही.

अंधारात करवत चालविण्याची पद्धत महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मुंबईत ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेसंबंधीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली तोवर २,१४१ झाडे पडली होती. आरेची झाडे रस्त्याकडेची नव्हेत हे खरे, पण घाईमागील वृत्ती तीच. ज्या कृत्याचे समर्थन दिवसाउजेडी करता येते त्याला रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्षगणना आहे, झाडावर नोटीस लावून हरकती मागविण्याची तरतूद आहे. परंतु महापालिकेत या प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात, आणि रुंदीकरणाचे प्रस्तावही आयुक्तांच्याच प्रशासनाकडून येतात. मागणारा आणि देणारा एकच. २०१७ च्या दुरुस्तीने पंचवीसपर्यंतच्या झाडांचा निर्णय एकट्या आयुक्तांच्या हाती दिला. तिला पुढे उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर तर तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहच नव्हते आणि प्रशासकाच्या एका सहीत सर्व सत्ता सामावली होती. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे होती व त्यांपैकी रस्त्याकडेची अवघी १ लाख ८५ हजारांच्या घरात. सर्वाधिक लोकांच्या उपयोगाचे झाड संख्येने इतके थोडे असावे आणि त्याचा निवाडा इतक्या थोड्यांनी करावा, हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

याचा अर्थ कोणतेही झाड कधीच तोडू नये, असा नाही. आतून पोकळ झालेले झाड पावसाळ्यात कोसळते तेव्हा मरतो तो बहुधा पादचारी किंवा दुचाकीस्वार. असे झाड वेळीच काढणे हेही जनतेचे काम आहे. मेट्रो आणि बस श्रमिकांना हवीच, आणि प्रत्येक सार्वजनिक प्रकल्पाला आंधळा विरोध करणारे अखेरीस खासगी मोटारीचेच हित साधतात. पण झाडे धोकादायक का होतात, हे विचारावयास हवे. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले, केबलसाठी मुळे छाटली, एका बाजूच्या फांद्या उडविल्या, की तोल गेलेले झाड कोसळणारच. झाडाभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीच्या संदर्भात एप्रिल २०१३ मध्ये दिला होता. तो पाळण्यास मोठा निधी नव्हे, थोडी लाज लागते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. आपल्या वॉर्डातील प्रत्येक मोठ्या झाडाची यादी करावी आणि तिच्यात झाडाखाली उपजीविका करणाऱ्यांची नोंद जोडावी. नोटीस लागताच हरकत नोंदवावी, आणि ती फेरीवाल्यांच्या, रिक्षाचालकांच्या, घरकामगारांच्या संघटनांच्या नावे नोंदवावी. तोडीच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर दुसरा आराखडा मांडण्याची सक्ती मागावी, ज्यात प्रथम मोटारींचा तळ हटेल आणि झाडाचा क्रमांक शेवटी येईल. प्राधिकरणाचे अध्यक्षपद आयुक्तांकडून काढून लोकनियुक्त सदस्याकडे द्यावे. देखभालीच्या प्रत्येक करारातील झाडांविषयीची कलमे सही होण्यापूर्वी जनतेपुढे यावीत.

वृक्षप्रेम ही हळव्या मनाची बाब म्हणून सोडून देण्याचे दिवस आता उरलेले नाहीत. उन्हाळे कडक होत आहेत आणि त्यांची झळ वर्गवारीनेच पोहोचते आहे. ज्याच्याकडे भिंत व यंत्र आहे तो गारव्यात बसेल. ज्याच्याकडे रस्त्याखेरीज काही नाही त्याच्या डोक्यावरचे झाड राखणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे. ते तिने केले नाही तर दुसरे कोणी करणार नाही.