तखल्लुस आणि ताटातले तांदूळ

नाव बदलणे ही आपली परंपरा नव्हे, असे विधान अलीकडे विद्वानांच्या बैठकींतूनही ऐकू येऊ लागले आहे. त्याचे निमित्त बहुधा एकच असते. स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी कोणत्याही एका कोटीत न बसवणाऱ्या, म्हणजे हल्ली जिला नॉनबायनरी म्हणतात अशा व्यक्तीने जन्मनाव सोडून लिंगनिरपेक्ष नाव घ्यावयाचे मनात आणले की परंपरेचा हा दाखला पुढे येतो. हा प्रश्न माझाही आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. अभ्यागत म्हणून लखनौत राहत असल्यामुळे त्याला मराठीबरोबरच उर्दू-हिंदीचीही बाजू मिळाली, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासाला स्वतःच्या नावाइतका जवळचा विषय दुसरा मिळणे कठीण.

परंपरेचा दाखला देणारे लग्नघरातले तांदळाचे ताट विसरतात. नववधूचे नवे नाव अंगठीने तांदळात रेखायचे, आणि त्या क्षणापासून जुने नाव माहेरच्या उंबऱ्याआड ठेवायचे, ही रीत अनेक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 1865 साली जन्मलेली यमुना जोशी गोपाळरावांच्या घरी आनंदी झाली आणि आनंदी म्हणूनच 1886 साली अमेरिकेत वैद्यकीची पदवीधर झाली. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाईही आनंदीबाई झाल्या. पुरुषही यातून सर्वस्वी सुटत नसत. गजानन रंगनाथ शिरवाडकर हे दत्तक गेल्यामुळे विष्णु वामन झाले, आणि पुढे कुसुम या धाकट्या बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज. तेव्हा नाव बदलण्याला आपल्या समाजाची हरकत कधीच नव्हती. हरकत आहे ती ज्याचे नाव, त्यानेच ते ठरवण्याला.

लखनौतील मित्रांची प्रतिक्रिया याहून पुष्कळच सौम्य असते. ‘तखल्लुसच समजा की,’ असे ते हसून सांगतात. ज्या शहरात पंडित दयाशंकर कौल यांना ‘नसीम’ म्हणून ओळखले जाते, तेथे हे सुचणे स्वाभाविकच आहे. मराठीतही केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही मालिका आहे. माणिक गोडघाटे यांनी तर ‘ग्रेस’ हे युरोपात सामान्यतः बायकांना असणारे नाव घेतले आणि मराठी वाचकाने ते निमूटपणे स्वीकारले. तथापि ही तुलना मला पुरेशी वाटत नाही. तखल्लुस मूळ नावाला शेजार देतो, त्याची जागा घेत नाही. शायर मुशायऱ्यात नसीम असेल. वारसाहक्काच्या कागदावर आणि आईच्या हाकेत तो दयाशंकरच राहतो. याउलट तांदळातले नाव मूळ नाव पुसून टाकते, पण ते निवडलेले नसते. आज आम्ही ज्या नावाचा विचार करीत आहोत ते निवडीच्या बाजूने तखल्लुसासारखे आणि पुसण्याच्या बाजूने नववधूच्या नावासारखे आहे. दोन्ही रीती आपल्याच आहेत. त्यांची ही जोडणी तेवढी नवी आहे.

या दोहोंच्या मध्ये एक उदाहरण मात्र मराठीत आहे. बाळूताई खरे (बाळू हे एरवी मुलाचे नाव, ही गंमत जाता जाता नोंदवतो आम्ही मराठी माणसे क्वचितच) यांनी 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले ते विभावरी शिरूरकर या नावाने. विवाहानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. बाळूताई हे नाव घराने दिलेले, मालती हे लग्नाने. विभावरी तेवढे स्वतःचे. ते नाव म्हणजे अलंकार नव्हता, आडोसा होता, आणि लेखिका कोण याचा शोध त्या काळी ज्या अहमहमिकेने घेतला गेला तो पाहता आडोशाची गरजही होती. नावामागचे नाव उकरून काढण्याची वाचकाची हौस किती निर्दय असू शकते, हे मराठी साहित्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

येथे रेख्तीचा उल्लेख केला नाही तर लखनौचे अभ्यासक नाराज होतील. रंगीन आणि इन्शा यांनी बायकांच्या बोलीत, बायकांच्या मुखाने कविता लिहिली. जानसाहेब तर स्त्रीवेषात ती म्हणून दाखवीत. रूथ वनिता यांनी 2012 सालच्या आपल्या ग्रंथात या काव्याला अश्लील म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेची चांगली झडती घेतली आहे. परंतु रेख्तीला आपली पूर्वपीठिका म्हणून मिरवण्याची जी लाट सध्या चर्चासत्रांतून आली आहे, तिच्यात सामील होणे मला शक्य नाही. मुशायरा संपला की जानसाहेबांची ओढणी उतरत असे. तो आवाज धारण केलेला होता, आणि धारण करण्यातच त्याचे सौंदर्य होते. आपल्या संतांच्या विरहिणी आणि गौळणी यांचेही तेच. ज्याला आवाज उतरवून ठेवता येत नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे. शिवाय या शहराच्या तहजीबीचे गोडवे गाताना 2001 चा जुलैही आठवावा. आरोग्यप्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना येथेच कलम 377 खाली अटक होऊन जवळजवळ दीड महिना तुरुंगात काढावा लागला होता.

आता प्रत्यक्ष नावाकडे वळू. लिंगनिरपेक्ष नाव कोशात शोधून सापडत नाही, हे मला लखनौने शिकवले. ‘कमल’ संस्कृतात बहुधा नपुंसकलिंगी, मराठीत कमळही ‘ते’. तरी महाराष्ट्रात हे नाव बाईचे, जसे कमल देसाई यांचे. हिंदी प्रदेशात तेच सर्रास पुरुषाचे. ‘किरण’ हिंदीत स्त्रीलिंगी शब्द, पण किरण नगरकर पुरुष. ‘शिरीष’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो, आणि शिरीष पै यांच्या हायकू वाचताना त्याला तो खाली बसवावा लागतो. ‘नसीम’ लखनौच्या मसनवीकाराचे, तसे नसीम बानूंचेही. ‘सुमन’ उच्चारताच मुंबईत सुमन कल्याणपुरांचा गळा आठवतो. लखनौजवळच्या उन्नाव जिल्ह्यात जन्मलेल्या शिवमंगलसिंहांनी तेच उपनाम म्हणून घेतले. शब्दाचे व्याकरणिक लिंग नावाचे लिंग ठरवीत नाही. ते हाक मारणारा प्रदेश ठरवतो. म्हणून नवे नाव घडवण्यापेक्षा, किंवा इंग्रजीतून तयार आणण्यापेक्षा, दोन प्रदेशांत ज्याविषयी एकमत नाही असे जुने नाव घ्यावे, असा माझा कल आहे. पुण्यात एक समजूत होईल, लखनौत दुसरी. पुण्याहून लखनौला येणाऱ्याचे दोन्ही समजुतींवरचे प्रेम कमी होईल. ज्यांना पूर्णतः नवा शब्द हवा आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. मला मात्र वापराने झिजलेले नाव अधिक विश्वासाचे वाटते.

पण नाव निरपेक्ष झाले तरी क्रियापद कोठे सोडते? मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे सांगितल्यावाचून दारात पाऊलही टाकता येत नाही. सकर्मक भूतकाळ तेवढा दयाळू आहे: ‘मी पुस्तक वाचले’ यात वाचणारा दिसत नाही. ‘तुम्ही आलात’ यातही समोरच्याची ओळख शाबूत राहते. हिंदीत मात्र ‘आप आए’ की ‘आप आईं’ हे ठरवावेच लागते. उलट लखनौच्या घरांतून बायकाही ‘हम जाते हैं’ म्हणतात, आणि त्या अनेकवचनात कसलाही डौल नसतो. मराठीतील ‘आम्ही गेलो’ हेही स्त्री-पुरुष दोघांचे रूप, पण एकट्याने म्हटले की ते संपादकाचे किंवा सरदाराचे वाटते. म्हणजे मराठी दुसऱ्याशी बोलताना माणसाला मोकळे ठेवते आणि लखनौ स्वतःविषयी बोलताना. नपुंसकलिंगाचा मार्ग कोणी सुचवतात. त्याच्या एकवचनात लहान मुलाचा लाड किंवा मोठ्याची उपेक्षा डोकावते. अनेकवचनात मात्र ‘माणसे आली’, ‘नवराबायको आली’ असे ते सर्वांना सहज पोटात घेते. आपल्या व्याकरणकारांनी याला ‘नपुंसक’ म्हणण्याऐवजी ‘सामान्य’ म्हटले असते तर चर्चेचा सूरच वेगळा झाला असता.

शासनव्यवहाराबाबत थोडेच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये नालसा निर्णय दिला. 2019 च्या कायद्याच्या व्याख्येत जेंडरक्वीअर व्यक्तींबरोबर हिजडा, किन्नर, अरवानी आणि आपल्याकडचा जोगता हे शब्द आले. महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव आणले. नावाचे रकाने शासनाला हलवता येतात, इतके यावरून दिसते.

आमच्या व्यवसायातील रकाने अजून हललेले नाहीत, आणि माझी खरी अडचण तेथे आहे. दोन दशकांचे लेखन एका नावाखाली छापले गेले आहे. ग्रंथालयाची सूची ‘शिरवाडकर, वि. वा.: पाहा कुसुमाग्रज’ अशी नोंद करते, तेव्हा ती कवीचा गौरवच करते. माझ्या बाबतीत तीच ‘पाहा’ प्रत्येक वाचकाला ओढून मागच्या दाराशी नेईल. नियतकालिकांनी आणि विद्यापीठांनी, लेखकाने मागणी केल्यास, जुने लेख नव्या नावाखाली विनाखुलासा नोंदवावेत, अशी माझी सूचना आहे. संदर्भांची साखळी तुटेल, असा आक्षेप एका ग्रंथपालस्नेह्यांनी घेतला आहे, आणि तो पोकळ नाही. त्यावर उपाय एवढाच सुचतो की दोन नावांचा दुवा ग्रंथालयाच्या अंतर्गत नोंदीत असावा, वाचकापुढे ठेवलेल्या सूचीत नसावा. आणि तो कोणाला दाखवायचा याचा निर्णय ज्याचे नाव त्याच्याकडे राहावा.