मुंबई मॅरेथॉन, पार्किन्सन्स आणि आपल्या तालुक्याची गोळी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा.

सकाळी मैदानावर पळणाऱ्या आपल्या ग्रुपनं ठरवलंय, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला टीम करून जायचं आणि पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी निधी जमवायचा. आतापर्यंत ११ नावं आलीत, त्यात माझंही आहे. पूर्ण ४२ किलोमीटर माझ्याच्यानं व्हायचं नाही, १० झेपले तरी खूप. नावं जाहीर झाल्यावर एका मित्रानं ग्रुपवर विचारलं, "आपल्या सरकारी दवाखान्यात साधी गोळी मिळत नाही आणि तुम्ही संशोधनाला पैसे गोळा करताय?" प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. म्हणून उत्तर सविस्तर.

पार्किन्सन्स म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. थरथरणारा हात सगळ्यांना दिसतो. पण चेहरा कोरा पडणं, आवाज बारीक होणं, पाय जमिनीला चिकटल्यासारखा अडकणं, झोपेत हातपाय झाडणं, हेही त्यातच येतं. ते "वय झालं आता" म्हणून सोडून दिलं जातं. काही पेशंटचा हात तर थरथरतही नाही.

माझे वडील जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते. फळ्यावरचं त्यांचं अक्षर आजही जुने विद्यार्थी आठवतात. आजारात ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. सही जुळत नाही म्हणून बँकेनं पेन्शनची स्लिप तीनदा परत केली. अक्षर बारीक होणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, पण काउंटरवर ते कोण समजून घेणार? चौकात तोल गेला तर मागून कुणीतरी म्हणायचं, "मास्तर सकाळीच लावून आले वाटतं." ज्यांनी जन्मात सुपारी खाल्ली नाही, त्यांना हे ऐकावं लागलं. त्यानंतर त्यांनी चौकात जाणंच सोडलं.

आता संशोधन कशाला, ते सांगतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं या आजारावर पुस्तिका लिहिली १८१७ साली. त्यावरचं मुख्य औषध लेव्होडोपा आलं १९६० च्या दशकात. (आपल्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो. पण म्हणून कुणी घरच्या घरी चूर्ण सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.) आज इतक्या वर्षांनीही मुख्य औषध तेच आहे. त्यानं हालचाल सुधारते, आजार थांबत नाही. आजार थांबवणारं औषध अजून जगात कुणाकडेच नाही. तालुक्यातही नाही आणि अमेरिकेतही नाही.

पळून जमवलेल्या पैशानं काही होतं का? होतं. 'बॅक टू द फ्यूचर'चा नट मायकल जे. फॉक्स याला १९९१ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी हा आजार असल्याचं कळलं. २००० साली त्यानं फाउंडेशन काढलं. 'टीम फॉक्स' या नावानं साधी माणसं त्यासाठी मॅरेथॉन पळतात आणि ओळखीपाळखीतून निधी आणतात. या फाउंडेशननं आजवर २ अब्ज डॉलरहून जास्त पैसा संशोधनाला दिलाय. त्यांच्याच मोठ्या अभ्यासातून २०२३ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष आले. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून या आजाराशी जोडलेलं बिघडलेलं प्रथिन ओळखता येतं. एरवी डॉक्टरांना चाल, हात आणि चेहरा बघूनच निदान करावं लागतं.

मग हे सगळं "तिकडचं" आहे का? इथं जरा लक्ष द्या. पार्किन्सन्सच्या जनुकांचा बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालाय. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना अभ्यासात घेतलं, तेव्हा आजाराचा धोका वाढवणारा एक जनुकीय बदल नव्यानं सापडला. युरोपीय लोकांत तो जवळपास नसतोच, म्हणून इतकी वर्षं दिसला नव्हता. भारतातही १०,००० पेशंट आणि १०,००० निरोगी लोकांच्या जनुकांचा अभ्यास हाती घेतला गेलाय. आपली माणसं अभ्यासातच नसतील, तर उद्याचं औषध आपल्याला कितपत लागू पडेल, हे कोण सांगणार?

आता मित्राच्या प्रश्नातला खरा भाग. मेंदूच्या डॉक्टरसाठी आपल्याला सोलापूर गाठावं लागतं. ही गोळी वेळेवर घ्यावी लागते. दोन-तीन दिवस चुकली तर माणूस अंथरुणाला खिळतो. लेव्होडोपा-कार्बिडोपा हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे ते मागणं ही भीक नाही. पण मागितलंय कुणी? बँका, दवाखाना, नगरपालिका यांच्यासमोर या पेशंटचा विषय आजवर कुणी नेलेलाच नाही. एकेक घर आपापलं सोसतंय.

म्हणून टीममध्ये मी तीन गोष्टी मांडल्यात. एक, टी-शर्ट, गाडी, राहणं हा खर्च ज्यानं त्यानं करायचा, निधीतला रुपया त्यात जाणार नाही. दोन, पैसे अशाच संस्थेला द्यायचे जी पावती देईल आणि संशोधनाला किती, पेशंटच्या मदतीला किती हे लेखी सांगेल. तीन, मुंबईला जाण्याआधी याच ११ जणांनी दवाखान्यात आणि बँकेत निवेदन द्यायचं. गोळी बारमाही मिळावी, महिन्यातून एकदा तज्ज्ञ डॉक्टर यावा, आणि हात थरथरणाऱ्या पेन्शनराला सहीसाठी हेलपाटे घालायला लावू नयेत.

बॅनरवर कुणाचा फोटो नको, हेही आत्ताच सांगून ठेवतो. निवडणूक जवळ आली की आपल्याकडं धावण्याचे कार्यक्रम फार होतात.

येत्या रविवारी सकाळी ६ वाजता मैदानावर बैठक आहे. पळता येत नसेल तरी या. घरात पेशंट असेल तर नक्की या, शक्य असेल तर त्यांनाही घेऊन या. आणि ज्या मित्रानं प्रश्न विचारला त्याला सांगणं आहे, निवेदनाचा मसुदा तूच लिही. तुझ्याइतकं खोचक आमच्यात कुणाला जमत नाही.