अर्ध्या विज्ञानाचा शिक्षक

2018 साली दहावीच्या विज्ञानाची दोन नवी पुस्तके आली. पहिल्याचा आरंभ गुरुत्वाकर्षणाने होतो, दुसऱ्याचा आनुवंशिकता व उत्क्रांतीने. अनेक शाळांत दोन्ही भाग एकच शिक्षक शिकवतो. पदवी मात्र एकाच विषयाची असते. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला भिंगांच्या किरणाकृती काढाव्या लागतात, भौतिकशास्त्राच्या पदवीधराला पेशीविभाजन समजावून द्यावे लागते. परिणाम काय होतो? स्वतःच्या विषयात खुलणारा शिक्षक परक्या विषयात पुस्तक वाचून दाखवतो आणि विद्यार्थ्याचा ‘असे का?’ हा प्रश्न ‘परीक्षेला येणार नाही’ या उत्तराखाली गाडला जातो.

हा दोष शिक्षकाचा नव्हे. शास्त्रांच्या सीमा ओलांडता येतात. जगदीशचंद्र बसू भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. परंतु वनस्पतींचा प्रतिसाद त्यांनी स्वतः घडविलेल्या उपकरणांनी मोजला. सीमा ओलांडायची तर हाती प्रयोग हवा. आपण शिक्षकाच्या हाती केवळ वेळापत्रक देतो!

पुण्याला तरी साधनांची सबब सांगता येणार नाही. ‘बालभारती’ येथेच आहे, 2006 पासून ‘आयसर’ आहे, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारी ‘आयुका’ची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. शेजारच्या दोन शाळांतील जीवशास्त्र व भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी सुटीत आठ दिवस एकमेकांचे विद्यार्थी व्हावे आणि संस्थाचालकांनी ते दिवस कामाचे धरावेत. पालकांनीही गुणपत्रिका पाहताना एवढे अवश्य विचारावे : या वर्षी वर्गात प्रयोग किती झाले?