गाडी धुण्याआधी बाटली वाचा

पावसाळा सरला की आपल्या वसई-विरारमध्ये गाड्या धुण्याची घाई सुरू होते. चाकांवर चिखल, कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावरून आलेली खारी वाळू आणि आत ओल्या मॅटचा कुबट वास. कित्येक घरांत गाडी ही हौस नसून रोजीरोटी आहे. कुणाची शाळेची व्हॅन, कुणाची टॅक्सी. ती स्वच्छ हवीच. पण धुण्याचे काम बहुधा घरातील मुलांकडे येते, म्हणून त्यांच्या हातात आपण काय देतो ते पाहायला हवे.

चाकावरचा काळा थर म्हणजे नुसती धूळ नव्हे. ब्रेक लावताना पॅड आणि डिस्क झिजतात आणि लोखंडाचे बारीक कण चाकावर चिकटतात. तो थर निघेना की कुणीतरी संडास धुण्याचे ॲसिड सुचवतो. थर निघतो, पण हे ॲसिड अलॉय चाकाचे ॲल्युमिनियमही खाते आणि पांढरे चट्टे कायमचे राहतात.

याहून घातक वस्तूही चाकांसाठी विकली जाते. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. पातळ केलेले असेल तर अंगावर उडाल्यावर लगेच आग होत नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात. तोवर ते कातडीखाली शिरून शरीरातील कॅल्शियमवर हल्ला करते. लेबलवर ही नावे दिसली तर बाटली घरी आणूच नका. उडालेच तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा आणि दुखत नसले तरी बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा. नाव कळले की डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.

लेबल नसलेले सुटे ॲसिड तर नकोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकण्यास मनाई केली. दुकानदाराने जे मुलाला द्यायचे नाही, ते आपण पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मोरीत ठेवावे काय?

मग वापरावे काय? नियमित धुतले तर बादलीभर पाणी, कारचा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरतो. खाऱ्या वाळूला तर आधी साधे पाणीच हवे. हट्टी थरासाठी ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेले आयर्न रिमूव्हर घ्या. लोखंडाला लागताच ते जांभळे होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो; घाबरू नका, पण हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत काम करा. चाक गार असावे, गाडी सावलीत असावी आणि द्रव सुकण्याआधी धुऊन टाकावा. टायर चमकवणारे द्रव्य ब्रेक डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू नका. शेवटी गाडी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहा.

गाडीच्या आत काळजी आणखी हवी, कारण तेथे हवा कोंडलेली असते. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपारा भागात पाणी साचून रेल्वेही बंद पडली होती. अशा पाण्यात सापडलेल्या गाडीत बुरशी धरते आणि ती घालवायला लोक ब्लीचकडे धावतात. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून दोन क्लीनर कधीही मिसळू नका. चारही दारे उघडा, मॅट बाहेर काढून उन्हात वाळवा, तोंडाला मास्क लावा आणि सीट सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. फवारा बटणांवर न मारता फडक्यावर मारा. काचेला फिल्म असेल तर अमोनिया असलेला ग्लास क्लीनर टाळा. स्टिअरिंग आणि पेडलवर चकाकीचे तेलकट द्रव्य नको. हात-पाय घसरले की अपघात ठरलेला.

आम्ही वर्गात भाषा शिकवतो. वाचता येणारे मूल लेबलही वाचू शकते. बारीक इंग्रजी अक्षरे अडली तर मोठ्यांनी सोबत बसून वाचावीत. पुढच्या वेळी गाडी धुण्याआधी त्याला बाटली मोठ्याने वाचायला सांगा. त्या दोन मिनिटांत गाडीचे चाक वाचेल आणि मुलाचा हातही.